शेवटची ओळ

३ ऑगस्ट, शनिवार

आज नारळ फोडताना उगीच हसू आलं. लग्नानंतरचे पहिलेच दिवस, चामराजपेटचं हेच स्वयंपाकघर, आणि दुकानासाठी मी लिहिलेली चिठ्ठी — 'नारल दोन'. कॉन्व्हेंटात हिंदी शिकलेली मी, माझ्या हाती ळ कुठून येणार! हे छापखान्यात मुद्रितं तपासणारे. दारातूनच म्हणाले, "बाईसाहेब, हा नारल कुठल्या झाडाला लागतो?" पिशवी घेऊन जिना उतरेपर्यंत हसत होते.

तो आवाज आता नाही. नसांच्या आजारानं आधी पाय नेले, मग हात, मग बोलणं. उरलाय उजवा अंगठा. त्या अंगठ्यासाठीच लेकीनं, संहितानं, पत्त्याच्या पानाएवढ्या कॉम्प्युटर-बोर्डावर सगळं जमवलंय. टीव्हीवर अक्षरांच्या ओळी येतात, पिवळा चौकोन एकेका अक्षरावरून सरकतो, हवं ते आलं की ह्यांनी बटण दाबायचं.

आज पहिले शब्द आले. 'चष्मा पूस.'

लगेच हुकूम! मी पुसला, आणि मग माझाही पुसावा लागला.

५ ऑगस्ट, सोमवार

अक्षरं धूसर दिसतात. हे डोळे ताणतात आणि दोन शब्दांत थकतात. संहिताला बेळ्ळंदूरला फोन केला. म्हणाली, "आई, टीव्ही जुना आहे. बोर्ड जेवढे ठिपके पाठवतो तेवढे त्याच्याकडे नाहीतच. शिवाय तो चित्राच्या कडा कापतो. अक्षरं सगळी दिसतायत ना?"

मी बोट ठेवत गेले — अ पासून ह पर्यंत. "दिसतायत सगळी."

डॉक्टर येऊन गेले. बाहेर जिन्यात हळूच म्हणाले, अंगठ्यातली ताकद उतरतेय. काय बोलून घ्यायचं ते आत्ता घ्या.

७ ऑगस्ट, बुधवार

'वेल कमी.'

मागच्या गच्चीतली जाई! ह्या अवस्थेत तिची काळजी! खरंच विरळ झालीय यंदा. खालच्या घरच्या यल्लाप्पा अण्णांकडून खत घालून घेतलं, चार फुलं ह्यांच्या उशाशी ठेवली. ह्यांनी डोळे घट्ट मिटले.

दुपारी पुन्हा — 'वेल कमी.'

"अहो, घातलं खत!"

यल्लाप्पा अण्णा घुटमळले. "अक्का, दुसरंच काही म्हणत असतील का हो?"

"ह्यांनी जन्मात अक्षर चुकवलं नाही," मी म्हटलं. जरा तोऱ्यातच.

८ ऑगस्ट, गुरुवार

नुसते छताकडे बघत होते. बटणाला अंगठाच लावला नाही.

९ ऑगस्ट, शुक्रवार

संहिता रजा टाकून आली. ह्यांच्याजवळ यल्लाप्पा अण्णांना बसवून आम्ही एस. पी. रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात गेलो. काहीही करून आज स्क्रीन आणायचाच होता. सकाळी अंगठा बटणावर नुसता थरथरला, दबलंच नाही.

दुकानदारानं एक जुना चौकोनी मॉनिटर पुढे केला. "तगोळ्ळी अक्का, पिक्चर बरुत्ते, साकु!" घ्या, चित्र येतं ना, पुरे!

"बाबांची अक्षरं उभी ताणायचीत का?" संहिता तडकली.

मला भिंतीवरचा सगळ्यात मोठा, महागडा आवडला. म्हटलं, हाच घे, काचेसारखा स्वच्छ आहे.

"आई, ह्याला चौपट ठिपके लागतात. बोर्डाला झेपणार नाही. चौकोन अडखळेल आणि बाबा भलत्याच अक्षरावर दाबतील."

"मग बोर्ड मोठा घे!"

"तो जुळवायला वेळ कुठाय गं!"



शेवटी मधला घेतला. एकोणीसशे वीस बाय एक हजार ऐंशी. बोर्ड पाठवतो तेवढेच ठिपके, ना कमी ना जास्त. "सरी, ठीक," दुकानदार म्हणाला, "तुमच्या घरी इंजिनियर जास्त झालेत." रिक्षात खोकं मांडीवर घट्ट धरून बसले. प्रत्येक सिग्नलला वाटत होतं, आपण जाईपर्यंत तो अंगठा...

१० ऑगस्ट, शनिवार

काल हे दमलेले होते म्हणून आज सकाळी जोडला. अक्षरं कशी — ताजं छापलेलं पान जणू! आणि ह च्या खाली आणखी एक ओळ.

ळ क्ष ज्ञ.

"आई, ही ओळ दिसतच नव्हती?"

माझ्या शाळेतली अक्षरं ह वर येऊन जवळजवळ संपायची. आणि ळ तर त्या हिंदीत नव्हताच. मला तो आठवलाच नाही.

ह्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. अंगठा हलला. पिवळा चौकोन खाली, अगदी खाली उतरला.

'वेळ कमी.'

आणि मी जाईला खत घातलं! ह्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि नाइलाजानं एक स्वतःची सोडली तर ती कळायला घरात मी!

मी पलंगाच्या कडेवर बसले. चौकोन पुन्हा सरकू लागला. 'घे लिहून.'

१७ ऑगस्ट, शनिवार

आज अंगठा हलला नाही. डॉक्टर म्हणाले, आता हलणार नाही. ह्यांनी सांगितलेलं उतरवून ठेवते.

शब्दकोश संहिताला. फाउंटन पेन आणि बुद्धिबळाचा पट यल्लाप्पाला, 'हरतो तरी खेळ म्हणावं'. छापखान्यातलं भिंग वाचनालयाला. बोर्ड आणि स्क्रीन असाच आजार असलेल्या कुणाला तरी; देताना शेवटची ओळ दिसते का ते आधी बघायचं.

मी विचारलं होतं, "आणि मला?"

चौकोन सगळ्या ओळी उतरून खाली येईपर्यंत थांबले. एकदाच दाबलं.

'ळ.'