हातात घेतल्यावर वाजणारा फोन

प्रिय आई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर तू मला दोन वाक्यांत 'असू दे गं' म्हणून गप्प केलं असतंस, आणि मला तर सगळं इत्थंभूत सांगायचंय. आता आपल्या काही लक्षात राहत नाही म्हणून तू शिवणकाम बंद करून दादाकडे राहायला निघालीस ना? मशीन विकायच्या आधी एवढं वाच.

तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची आठवण करून देणारं ते ॲप आमच्याच ऑफिसातलं आणि ते तपासणारी मीच. पण बहुतेक वेळा आम्ही ते खऱ्या फोनवर तपासतच नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक खोटा फोन उघडतो, त्याला एम्युलेटर म्हणतात. बटणं दाबली जातात, गजर होतो, सगळं हुबेहूब. तुझ्या दुकानातल्या कापडी पुतळ्यासारखं समज. त्याच्यावर ब्लाउज नेहमीच झकास बसायचा, तरी तू गिऱ्हाइकाला तो घालायला लावून, हात वर करायला लावून, खाली बसवून मगच द्यायचीस. आणि तुझी ही लेक मात्र पुतळ्यावरच खूश!

गोळ्या चुकल्या, तुला चक्कर आली, तेव्हा तू म्हणालीस, फोन वेळेवर वाजतच नाही, हातात घेतला की मग वाजतो. मी हसले. वर तुलाच ऐकवलं, की आमचा गजर दोनशे वेळा तपासलाय, तूच विसरतेस.

पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. विसराळू माणूस इतकं नेमकं कसं सांगेल? म्हणून ऑफिसच्या कपाटातून तुझ्यासारखाच जुना फोन काढला. गंमत बघ, त्या कपाटातले खरे फोनसुद्धा आम्ही कायम चार्जिंगला लावून ठेवतो, लागतील तेव्हा तयार असावेत म्हणून. कुणी वायर काढून ते नुसते ठेवून पाहिलेच नव्हते. मी तो तुझ्यासारखाच रुमालात गुंडाळून खणात टाकला आणि दुपारी तीनचा गजर लावला. तीन वाजले, सव्वातीन, साडेतीन. मी खणाला कान लावून बसलेली, शेजारचा प्रोग्रामर माझ्याकडे टकामका बघतोय, आणि आतून हूं की चूं नाही. चारला बाहेर काढला, पडदा उजळला, आणि मेला लागला की बोंबलायला! बराच वेळ हात लागला नाही की बॅटरी वाचवायला हा फोन आमच्या ॲपलाच झोपवतो. खोट्या फोनची बॅटरी कधी उतरतच नाही, तो कशाला झोपवेल? दुरुस्ती होईपर्यंत तू साध्या घड्याळाचा गजर लाव.

आई, तुझं आता लक्षात राहत नाही, असं मी डॉक्टरांना सांगितलं होतं, दादाला सांगितलं होतं, शेजारच्या काकूंनाही लक्ष ठेवायला सांगितलं होतं. त्या तिघांना काल फोन करून माझी चूक कबूल केली. पण सगळ्यात आधी मी ते तुला सांगितलं होतं, आणि माझ्यावर सर्वांत जास्त विश्वास तूच ठेवलास, स्वतःपेक्षाही. तो तेवढा काढून घे. मला माफ कर.

तुझीच,
धाकटी