पटाशीले तेल पाजलं त्याची हकिगत

राजमान्य राजश्री नत्थुजी भाऊ यांसी पातूरहून देवीदासचा मनापासून रामराम. तुमचे गुडघे आता चालू देत असतील, अन् अमरावतीत कापसाच्या धुरळ्यातूनही श्वास मिळत असेल, अशी आशा. तुमची बहीण पार्बताबाई खुशाल आहे. (माह्यावर रागावून आहे, पण खुशाल आहे.)

अमेरिकेतल्या लढाईपायी कापसाले असा भाव आला, की आमच्या घरात माणसाले बसाले जागा नाही. माजघरात कापूस, देवघरात कापूस. दुपारी डोळा लागला की वाटते, आपण ढगातच निजलो. गावचा लोहार गाड्यांच्या चाकांले लोखंडी धावा चढवण्यात गुंतलेला. म्हणून सुतारकामाच्या पोलादी पटाशीले घरीच पाणी पाजावं, म्हणजे तापवून बुडवून कडक करावं, असं मी ठरवलं. पहिली लाल करून पाण्यात घातली, टणकन तडकली. मंग तेलाचा विचार आला, ते सावकाश थंड करते. पण कोणतं? एरंडीचं फार घट्ट, करंजीचा वास जीव घेते. शेवटी सैपाकघरातलं तिळाचं घेतलं अन् भांडं काठोकाठ भरलं.

पटाशी तापली तशी पळसाच्या फुलावाणी रंगली. काय तो रंग, भाऊ! मी पाहतच राहिलो, अन् त्याच तंद्रीत ती अर्धीच बुडवली. तेलानं भडका घेतला, अन् हातभर अंतरावर कापसाचा ढीग! मी पाण्याचा गुंड उचलला.

"पाणी नका टाकू! तेल उडून सारं घर पेटंल!" पार्बताबाई ओरडली, अन् तिनं भांड्यावर तवा उपडा घातला. जाळ गपकन इझला. माह्या मिशा मात्र अर्ध्या गेल्या.

"अवो, तुमी काहून जागेपणी झोपून राहता?" एवढंच बोलली, अन् भिंतीले टेकून खालीच बसली. तिले तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनंच अंगणात सारं मांडलं. कापसापासून दूर, करडईचं तेल, खोल लोखंडी भांडं, कोरडंठाक अन् अर्धंच भरलेलं, झाकण हाताशी. मी पटाशी एका दमात पुरी बुडवली. इतकी कडक झाली, की कानस तिच्यावरून घसरली, भाऊ! मंग तडकू नये म्हणून चुलीच्या उबेत थोडी नरमावली. आता सागात लोण्यासारखी चालते.

तुमचा मेव्हणा,
देवीदास

ता.क. पटाशी कशाले, हे राहिलंच. पाळणा कराचा आहे. एवढ्या वर्षांनी देवानं ऐकलं. पार्बताबाईनं कोणाले सांगू नका म्हटलं, म्हणून तुमी हे वाचलंच नाही असं समजा, अन् तुमच्या आईले लवकर धाडा.

आणखी ता.क. मी पत्र मोठ्यानं म्हणत लिहितो, ते तिनं ऐकलं. म्हणते, आईसंगं अमरावतीच्या सुताराचा तयार पाळणाही धाडा. माह्या पाळण्यात ती कांदे ठेवीन.