मायाच्या परसातले टोमॅटो

मेलबर्न

अहो,
सप्रेम जयभीम.

दिवस गेल्यापासून आपल्या मायाच्या पोटात काही टिकत नव्हतं ना? आता काळजी सोडा. तिच्या परसात ढीगभर टोमॅटो पिकलेत. त्यांचं सार केलं, तर काल पोरीने दोन वाट्या मागून घेतल्या!

उरलेले सगळे धुऊन, पुसून अख्खेच फ्रीजरमध्ये ठेवलेत. गोठलेला टोमॅटो नळाखाली धरला की साल आपोआप निघते, बघा.

पुढच्या आठवड्यात मी निघते. वरळीला एकटे वेळेवर जेवता ना? रोज वडापाववर भागवू नका.

काल माया म्हणाली, "आई, हे टोमॅटो संपले की परत येशील?"

म्हटलं, "संपतील तोवर तूच आई झालेली असशील."

किती दिवसांनी पोट धरून हसली हो!

तुमची,
कमल