चांगलाच थर बसलाय

२ मार्च, सोमवार. सकाळी ७
आजपासून रोजनिशी. शोध लावणाऱ्याने नोंदी ठेवाव्यात. तीस वर्षं मी कवळ्या बनवतोय, पण कवळीला संरक्षण द्यावं हे कुणाला सुचलं नाही. मला सुचलं. पारदर्शक कोटिंग. जंतू चिकटणार नाहीत, वास नाही, पडली तरी तडा नाही. फॉर्म्युला इथे लिहीत नाही. वही कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. (ही माझ्या वह्या उघडत नाही. तरीही.)
पहिला प्रयोग हिच्याच कवळीवर. मीच केलेली, आठ वर्षांपूर्वी. २८ला ही शिकवायची त्या शाळेचा पन्नासावा वर्धापनदिन, भाषण हिचं. तोवर माझ्या तोंडाशी खेळू नका, म्हणाली. मी म्हटलं, तोंडाशी नाही, कवळीशी. तयार झाली. म्हणजे गप्प बसली.

४ मार्च
तीन हात दिले. काय चकाकी! ही म्हणाली, जेवण रंगासारखं लागतंय. लागणारच, नवीन आहे.
नियम: कवळी ब्रशने घासायची नाही. घासलं की कोट जातो. मग स्वच्छ कशी राहणार, हिने विचारलं. म्हटलं, अगं, कोटिंग कशाला आहे मग? इतकी साधी गोष्ट.

९ मार्च
लेटरहेड छापावं म्हणतो. कंपन्यांना लिहायचं तर हवंच.
'स' म्हणताना हिची शिट्टी वाजते. भाषणात 'सहशिक्षक' नऊ वेळा आहे. मी म्हटलं, शब्द बदल. रागावली असावी.

१५ मार्च, रविवार
हिच्या हिरडीला फोड. उष्णता.
मेहुणी आली होती. जरा लांबच बसली. ताई, कसला गं वास येतोय, म्हणाली. मेहुणीला पहिल्यापासून नाक जास्त.

१९ मार्च. दुपारी १
ही मला न विचारता दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. मी मागोमाग. बाईंना कवळ्या मीच पुरवतो, वीस वर्षं. त्यांनी हिची कवळी उजेडात फिरवली, नखाने खरवडली आणि म्हणाल्या, चांगलाच थर बसलाय हो.
वीस वर्षांत माझ्या कामाला चांगलं असं पहिल्यांदा म्हणाल्या. म्हटलं, तीनच हात दिलेत. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. दातखिळीच बसली म्हणा ना.
घरी येऊन आणखी दोन हात दिले.

२३ मार्च
कोट कडेने सुटतोय, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. जेवताना एक तुकडा हिच्या घशात गेला. फार खोकली. सगळा काढून नव्याने देतो. पाच दिवस पुष्कळ झाले.
ही बिनदातांची भाषण पाठ करतेय. पलीकडच्या खोलीतून ऐकलं. आवाज ओळखू येईना.

२६ मार्च
पॉलिशच्या चाकाने कवळी हातातून उडवली. भिंतीवर. दोन तुकडे. कोटिंगचा यात दोष नाही, ते तेव्हा काढलेलं होतं. नोंद असावी.

२८ मार्च, शनिवार
जोडली, पण बसत नाही. ही तोंडाला रुमाल लावून निघाली. म्हटलं, येतो सोबत. म्हणाली, अहो, तुम्ही नकोच. बिनदातांचं बोलणं, तरी स्पष्ट कळलं.
भाषण दुसऱ्या बाईंनी वाचलं, असं मेहुणीकडून कळलं. ही पहिल्या रांगेत बसून होती. जुने विद्यार्थी भेटायला आले तेव्हा फक्त मान हलवली. मला वाईट वाटलं. फारच.

३० मार्च
डॉक्टरीणबाईंनी हिचा नवा ठसा घेतला. काम दुसऱ्या लॅबला दिलं. मी फोन केला. म्हटलं, चांगला थर म्हणाला होतात. म्हणाल्या, अहो, मळाचा थर. बुरशी धरली होती. चांगलाच मार बसला म्हणतो ना आपण, तसं चांगलाच.
टेबलावर भाषणाचा कागद होता. शेवटी लिहिलंय: दात गेले तेव्हा मी वर्गात हसणं सोडलं होतं. ते हसू आमच्या घरातल्या कारागिराने परत केलं.
त्यावर रेघ. मी हिला विचारलं, हे वाचलं का त्या बाईंनी? म्हणाली, गाळायला मीच सांगितलं.

८ एप्रिल
नवी कवळी आली. छान बसलीय. डबीवर हिने कागद चिकटवलाय, हात लावू नये. अक्षर वळणदार. फळ्यावर लिहायची तसंच.