पेटीमागची ओढ

५ मार्च

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

मी दिवसभर काय करते, विचारलंस. तारेला टांगलेली चकती बघते. वस्तू केसाइतक्या जवळ आल्या की त्यांची ओढ गणितापेक्षा जास्त भरते का, ते मोजते. भरली तर लांबी-रुंदी-उंचीखेरीज आणखी दिशा आहेत, इतक्या बारीक गुंडाळलेल्या की दिसत नाहीत, आणि गुरुत्वाकर्षण तिकडे झिरपतं.

आणि भरली आहे. गेल्या अकरा तारखेपासून चकती जास्त वळते. तू आली होतीस तो दिवस. तुझा पायगुण म्हण. सोळाला सगळ्यांसमोर सांगायचंय. खरं ठरलं तर नोकरी कायम. खोटं ठरलं तर, सर म्हणाले, गुंडाळलेल्या दिशेत जागा बघा.

तुझी,
बारकी

९ मार्च

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

दिसत नाही पण आहे, असं मी देवाबद्दल म्हटलं की तू हसतेस. तुम्ही म्हटलंत की पगार मिळतो. असो. आणखी दिशा आहेत याचं मला नवल नाही. तुझ्या बाबांचा चष्मा रोज तिकडेच जातो.

पण अकरा तारीख खटकली, म्हणून वही काढली. डब्याचं झाकण बदललं तरी मी लिहिते, तुला ठाऊक आहे. त्यात आहे: ‘लेकीची प्रयोगशाळा पाहिली. यश यावं म्हणून पितळी देव काचेच्या पेटीमागे ठेवले. वजन सातशे बेचाळीस ग्रॅम.’ तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच उचलले असतेस.

तुझ्या नव्या दिशेत माझे देव तर बसले नाहीत ना, तेवढं सोळाच्या आत बघ. जलद टपालाने पाठवते आहे.

तुझी आई

१७ मार्च

ती. सौ. आईस सा. न.

पत्र शनिवारी मिळालं. देव पेटीमागे धुळीत निवांत होते. उचलले, आणि तासाभरात चकती जागेवर. दिशा तीनच, निदान माझ्या टेबलावर तरी.

काल उभी राहिले आणि सांगितलं की शोध लागला नाही, आईने देव ठेवले होते. सगळे हसले, सर सोडून. त्यांनी तुझ्या वहीतल्या वजनावरून ओढीचं गणित मांडायला लावलं. मोजलेली ओढ तेवढीच भरली. म्हणाले, स्वतःची चूक इतकी नेमकी मोजणारी बाई सोडायची नाही. नोकरी कायम.

आता तू काय म्हणशील ते मला पाठ आहे, तेव्हा लिहू नकोस. देव परत पाठवत नाही. त्यांचीही नेमणूक झाली आहे. यंत्र बरोबर चालतंय का, हे बघायला दर सोमवारी त्यांना पेटीमागे ठेवायचं.

अंतर वाढलं म्हणून लोभ घटू देऊ नकोस.

तुझी,
बारकी