घराचं सील निघालं, आई

आई, आज आपल्या घराचं सील निघालं. सांगायला दुसरं कुणी नाही असं नाही. सकाळपासून सगळ्या गल्लीला सांगून झालं, तुझ्या धाकटीला पुण्याला फोन झाला, भाजीवालीनं विचारलं नव्हतं तरी तिलाही सांगितलं. तरी मन भरत नाही, म्हणून सामानाची गाठोडी सोडायची सोडून भिंतीला टेकून लिहायला बसले. तू गेलीस तेव्हा ह्या घराला अजून स्लॅबही नव्हता. त्यामुळं यातलं तुला काहीच माहीत नाही. पहिल्यापासून सांगते.

कॉलेजमागची आपली खानावळ आठवते ना, भाड्याच्या दोन खोल्या, पुढं पोरं जेवायची आणि मागं आपण राहायचो. तू परातीत भाकरी थापतेयस, मी वाढतेय, आणि मालक दारात उभा राहून म्हणतोय, दिवाळीच्या आत खोल्या मोकळ्या करा, मला झेरॉक्सवाल्याला द्यायच्यात. मी घाबरून त्याच्यापुढं हात जोडले. तो गेल्यावर तू मला आत ओढलंस. पिठाच्या हातानं माझं मनगट धरून म्हणालीस, "हात कशाला जोडलेस गं? भाडं देतो आपण त्येला, फुकट ऱ्हात न्हाय. बोलायचं तर मान वर करून बोल, न्हायतर गप ऱ्हा." आणि त्याच वर्षी पाटल्या मोडून तू तुळजापूर रस्त्याला ही जागा घेतलीस. तेव्हा इथं बाभळी होत्या आणि संध्याकाळी यायची भीती वाटायची. लोक हसले तुला. माझ्या लग्नात तीच जागा तू माझ्या नावावर केलीस. "सोनं घालायला माझ्याकडं न्हाय. ही घे. हितनं तुला कुणी ऊठ म्हणायचं न्हाय," असं म्हणालीस.

आई, म्हणाले गं. आम्हाला ऊठ म्हणाले.

तू बांधलेल्या पत्र्याच्या दोन खोल्या पाडून आम्ही पक्कं घर बांधलं. ह्यांचा टेम्पो होता, माझे डबे चालू होते, दवाखान्यात, कोर्टात, कॉलेजच्या पोरींना. एका मोठ्या बँकेचा माणूस घरी येऊन, चहा पिऊन, तुझ्या फोटोला हात जोडून कर्ज देऊन गेला. हप्ते वेळेवर जात होते. मग येडशीच्या घाटात टेम्पो उलटला आणि ह्यांची मांडी मोडली. सहा-सात महिने ते खाटेवर होते. तेवढेच हप्ते राहिले. हे काठी टेकत उभे राहिले, तसे आम्ही थकलेले सगळे पैसे घेऊन बँकेत गेलो. काचेमागं बसलेला साहेब वयानं माझ्या भाच्याएवढा. पैशाकडं त्यानं बघितलंही नाही. म्हणाला, "ताई, आता हप्ते चालत नाहीत. खातं बुडीत धरून वरच्या ऑफिसला गेलंय. सगळं कर्ज एकदम भरा, नाहीतर घर." त्यावर दंड, दंडावर व्याज, वकिलाची फी, आम्ही कधी न मागितलेला विमा, असं काय काय चढवलेलं. हे म्हणाले, "साहेब, पैसे आणलेत की हो आम्ही." तर तो म्हणाला, "तुम्ही समजून घ्या, माझ्या हातात काही नाही." पुढं कळलं ते असं की नवी रेल्वे येणार म्हणून आपल्या बाजूच्या जागांना सोन्याचा भाव आलाय. आमच्या हप्त्यापेक्षा त्यांना आपली जागा गोड लागत होती. आपल्याच गल्लीत तिसऱ्या घरावर नोटीस चिकटवलेली होती, रिटायर कंडक्टर आणि त्यांच्या बायकोच्या.

आमच्याही दारावर नोटीस आली. तिला आम्ही उत्तर लिहून दिलं, पैसे भरायला तयार आहोत म्हणून. त्याला कधी उत्तर आलं नाही. आली ती जीप. भर अकराची वेळ, वरणाला उकळी आलेली, डबे उघडे मांडलेले. तहसीलचा माणूस, बँकेचा एक माणूस, दोन पोलीस, आणि बँकेनं बाहेरून आणलेली चार दांडगी पोरं. मी म्हणाले, एवढे डबे भरू द्या, दवाखान्यातली माणसं वाट बघत असतील. बँकेचा माणूस म्हणाला, "गॅस बंद करा आधी." पोरांनी कणकेच्या परातीसकट सगळं रस्त्यावर आणून ठेवलं. तुझा फोटो एकानं हातात घेतला आणि कुठं ठेवू म्हणून माझ्याकडं बघत राहिला, त्याचं मात्र मला वाईट वाटलं. दाराला कुलूप, कुलपावर कापड, कापडावर लाख. ह्यांनी एवढा पाय मोडला तेव्हा हूं केलं नव्हतं, ते त्या दिवशी ओट्यावर बसून रडले.

आणि आई, तेवढ्यात समोरच्या चाची आल्या. त्यांच्या मालकांचं बसस्टँडजवळ शिलाईचं दुकान आहे, तू गेल्यावर आले ते लोक इथं. त्यांनी ना पोलिसांना काही विचारलं ना मला. शेगडी उचलली आणि म्हणाल्या, "वरन अजून गरम हाय. चल, माझ्या अंगनात मांड. भुकेलं मानूस तुझं सील बघत न्हाय." चिंचेच्या झाडाखाली आम्ही दोघींनी उरलेल्या पोळ्या लाटल्या. थोडा उशीर झाला, पण त्या दिवशीही सगळे डबे गेले. पावसाळा आणि हिवाळा आम्ही त्यांच्या मागच्या खोलीत काढला. भाड्याचं नाव काढलं की चाची आठवडाभर अबोला धरायच्या.

मग लिलावाची जाहिरात आली. घर बघायला गाड्या यायला लागल्या, सोलापूरच्या, लातूरच्या. पहिली गाडी आली तेव्हा मी आत लपले. दुसऱ्या वेळी चाचींनी मला हाताला धरून बाहेर काढलं. "चोरी केलीस का तू? घर बघाया आलेत, तर घरवालीबी बघू दे त्यांना." म्हणून मी उभी राहिले. आई, मान वर करून. पांढऱ्या गाडीतून एक नवरा-बायको उतरले, तिच्या हातात टेप होती, पडदे मोजायला आणलेली असावी. मी म्हणाले, "या, पाणी घ्या. हे घर माझं आहे. आम्ही पैसे घेऊन गेलो होतो, बँकेनं घेतले नाहीत. आता तुम्ही घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा." ती बाई दाराकडं बघत राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, "चला. ह्या घरात मला झोप लागायची न्हाय." नंतर तर सगळी गल्लीच उभी राहायला लागली. कंडक्टरकाका खुर्ची टाकून बसायचे आणि येईल त्याला तिकीट फाडल्यासारखी एकेक हकीकत द्यायचे. जागेचा एक दलाल मात्र निबर होता. मला म्हणाला, "मला काय सांगता? बँक विकतीय, मी घेतोय." मी म्हणाले, "घ्या की. पण रोज सकाळी दार उघडाल तेव्हा मी समोर उभी असंन." तो हसला, पण बोली लावायला आला नाही. कुणीच आलं नाही. लिलाव दोनदा कोरडा गेला.

तोवर इथल्या कोर्टात नव्यानं वकिली करणाऱ्या एका पोरीनं, तीही माझ्याच डब्यावर जेवायची, संभाजीनगरला कर्जाच्या न्यायाधिकरणात आपला अर्ज लावला. तारखेला आम्ही एसटीनं जायचो, भाकरी बांधून. शेवटच्या तारखेला न्यायाधीश साहेबांनी बँकेच्या वकिलाला सरळ विचारलं, "हे लोक पैसे घेऊन आले होते. लेखीही दिलं होतं. तुम्ही उत्तर का नाही दिलं?" वकील कागद चाळत राहिला. तो म्हणाला, "वेळ द्यावा." साहेब म्हणाले, "तुम्ही यांना दिला होता का?" निकाल आला तो असा की जप्तीची कारवाई रद्द, घराचा ताबा परत, थकलेले हप्ते घ्या आणि वरचे दंड काढा.

कंडक्टरकाकांचं मात्र राहून गेलं. त्यांच्या घराला गिऱ्हाईक आधीच मिळालं होतं आणि ते अर्ज करायलाही उशिरा तयार झाले, लेकाला कळू नये म्हणून. आता दोघं ईट गावाला भावाच्या शेतातल्या खोलीत राहतात. आज सकाळी फोनवर काकू म्हणाल्या, "तुझं झालं ना, मग आमचं अर्धं झालं." माझा आनंद एवढा आहे की छातीत मावत नाही, आणि त्याच्या कडेला हे बोचत राहतंय. ही बँक कुठं राहते कुणास ठाऊक, तिच्या कणकेची परात कधी कुणी रस्त्यावर आणून ठेवली असेल का?

आज तोच तहसीलचा माणूस आला. लाख त्यानंच फोडली. जाताना हळूच म्हणाला, "बरं झालं, मावशी." चाचींनी डोक्यावर पदर ओढून घेतला आणि सगळ्यांच्या आधी जोरात नाक ओढलं. ह्यांनी काठी टाकून उंबऱ्याला हात लावला. कुंथलगिरीचे पेढे येऊन पडलेत. आत धुळीचा वास आहे, नळाला गंज आहे, उंदरांनी गाद्या कुरतडल्यात, आणि मला हे सगळं इतकं छान दिसतंय की उद्या झाडूच नये असं वाटतंय.

हे पत्र धाडायचं कुठं? इथंच राहील माझ्यापाशी. पण एक गोष्ट कुणाला सांगितली नाही, ती तुला सांगते. सगळे बाहेर पेढ्यासाठी खोळंबले होते, चाची हाका मारत होत्या, तेव्हा मी आतून म्हणाले, काहीतरी शोधतेय; पण मी काही शोधत नव्हते. मी दाराला आतून कडी लावून तिथंच उभी होते. काढत होते आणि परत लावत होते.