जास्वंदीवरचे सदतीस किडे

कर्वेनगर, पुणे
रविवार

ती. सत्यशीलाआत्यास,

मैत्रीचा नमस्कार. तुझे गुडघे जिना चढू देतात का आणि वाशीमला उकाडा किती आहे, ते कळव. माझी तब्येत बरी आहे. तू दिलेल्या जास्वंदीची बरी नव्हती. पांढरे, कापसासारखे किडे, एकूण सदतीस.

तू फोनवर सांगितलंस, मूठभर लसूण आणि चार मिरच्या वाटून पाण्यात घाल. मूठ कोणाची, असं मी विचारल्यावर तू हसलीस. (मी उत्तराची वाट पाहत होते.) माझ्या मुठीत अठ्ठावन्न ग्रॅम लसूण मावतो, तुझी मूठ मोठी, म्हणून पंचाहत्तर धरला. बारा तास भिजवलं, दोनदा गाळलं, एका पानावर मारून एक दिवस थांबले. सगळं मोजलं, फक्त वारा मोजला नाही. फवारा थेट खालच्या गॅलरीत, हिंमतरावांच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर गेला. हे गणिताचे निवृत्त शिक्षक, एकटेच राहतात. (मग एवढ्या कुरडया कोणासाठी, हे मी विचारलं नाही. त्यांनीही मला कधी काही विचारलेलं नाही.) दोन वर्षांत कुरिअरवाला सोडून प्रथमच कोणी माझी बेल वाजवली. "अहो, मिरची तर घातलीत. मीठ कमी आहे, तेही आपणच घालणार का?" मी माफी मागितली. ते शिंकत खाली गेले. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फलकावर सुवाच्य अक्षरात सूचना होती: 'वरून मसाला टाकण्यापूर्वी खालच्यांची चव विचारावी.'

मग साबणाचं पाणी झालं (लिटरला पाच मिली), आंबट ताक झालं, हळद झाली. तू रोज सव्वासातला फोन करून "मेले का गं?" विचारतेस, मी आकडा सांगते: एकतीस, अठ्ठावीस, पुन्हा चौतीस. तू चिडतेस आणि नवा उपाय सांगतेस. काल म्हणालीस, चुलीची राख एसटीने पाठवते.

बाकी ठीक. गुडघ्यांना तेल लाव.

तुझी,
मैत्री

ता. क. हिंमतरावांनी त्यातल्या चार कुरडया तळून आणून दिल्या. मीठ खरंच कमी होतं.

ता. क. २. राख पाठवू नकोस. किडे साबणाच्या पाण्यानेच गेले, एकोणीस दिवसांपूर्वी. नंतरचे आकडे मी मनाने सांगितले. किडे संपल्यावर सव्वासातला तू काय विचारशील, हे मला सुचेना, आणि फोनवर हे बोलता येत नाही. सध्या चार कळ्या आहेत. त्यांचंही रोज विचारता येईल.